पहिल्या दिवशी शंभर किलोमीटर

कॅम्परव्हॅनने युरोप फिरणार म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एकच चित्र येतं: आल्प्सच्या पायथ्याशी निळं तळं, गाडीचं दार सताड उघडं आणि हातात वाफाळता चहा. तसं होतंही, पण पहिल्या दिवशी नाही. पहिला दिवस नळ, टाक्या, वायरी, झडपा आणि वजनाच्या हिशेबात जातो. गाडी ताब्यात घ्यायची, सामान बसवायचं, तिची सवय करून घ्यायची आणि अंधार पडायच्या आत कुठेतरी नीट उभी करायची, एवढं जमलं तरी दिवस सार्थकी लागला म्हणायचं. म्हणूनच या वाटेवरचे जुने लोक सांगतात, की पहिला मुक्काम शंभर किलोमीटरच्या पलीकडे ठेवू नका. आम्ही दोघांनी ते मुकाट ऐकलं. फ्रँकफर्टजवळ गाडी घ्यायची आणि ऱ्हाइन नदीच्या काठाने सांक्ट गोआर या गावी मुक्कामाला जायचं, असा मे महिन्यातल्या एका शनिवारचा बेत ठरला. पुढे मोझेल नदी, लक्झेंबर्ग, फ्रान्स, स्वित्झर्लंड असा मोठा फेरा होता.

भाड्याच्या कॅम्परव्हॅनचा ताबा बहुतेक ठिकाणी दुपारी मिळतो. सकाळी आधीचे लोक गाडी परत करतात, मग ती धुऊनपुसून पुढच्याच्या हवाली होते. कागदपत्रांचा सोपस्कार आपल्याकडच्या मानाने झटपट उरकतो, पण कागद सगळे लागतात: पासपोर्ट, शेंगेन व्हिसा, भारतातला मूळ परवाना आणि आरटीओकडून घेतलेला आंतरराष्ट्रीय परवाना. यातल्या एकावर दुसऱ्याचं काम भागत नाही. अनामत रक्कम क्रेडिट कार्डावर अडकवून ठेवतात, त्यामुळे कार्डाची मर्यादा निघण्यापूर्वीच वाढवून घेतलेली बरी. विम्याच्या कागदावर कोणकोणत्या देशांत गाडी नेता येईल याची यादी असते, ती वाचायला हवी. शेंगेनच्या २९ देशांत मिळून कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, हा हिशेबही निघतानाच करायचा.

कागदांवरचा सगळ्यात महत्त्वाचा आकडा होता ३,५०० किलो. साध्या मोटारीच्या परवान्यावर युरोपात एवढ्याच एकूण वजनाची गाडी चालवता येते. शिवाय हा आकडा ओलांडला की ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमधली रस्तेकराची पद्धतच बदलते. म्हणून बहुतेक भाड्याच्या कॅम्परव्हॅन याच वजनात बसवलेल्या असतात. रिकामी गाडीच तीन टनांच्या घरात जाते. उरलेल्या पाचेकशे किलोंत माणसं, कपडे, किराणा, खुर्च्या, गॅस आणि पाणी. टाकीत शंभर लिटर पाणी भरलं म्हणजे शंभर किलो तिथेच संपले. घरून आणलेला लोखंडी तवा मी दोनदा हातात तोलला आणि शेवटी ठेवला.

आमची गाडी म्हणजे फियाट डुकाटोवर बांधलेली व्हॅन होती. युरोपातल्या फिरत्या घरांना सर्वाधिक वापरला जाणारा हा सांगाडा इटलीत आतेस्सा इथल्या कारखान्यात तयार होतो, आणि मग वेगवेगळ्या देशांतल्या कंपन्या त्यात बिछाने, कपाटं, शेगडी बसवतात. लांबी ५.९९ मीटर. हा आकडा योगायोगाने आलेला नाही. कित्येक फेरीबोटींचं भाडं आणि पार्किंगची जागा सहा मीटरला बदलते. उंची २.६५ मीटर. ती मोठ्या अक्षरांत लिहिलेली चिठ्ठी चालकासमोर काचेखाली चिकटवलेली होती. मोटारीत बसून आयुष्य गेलेल्या माणसाला डोक्यावर काय आहे हे बघायची सवय नसते, म्हणून ती चिठ्ठी.

गाडी समजावून द्यायला आलेली मुलगी पंचविशीतली असावी. तिने आधी चाकांपासून टपापर्यंत सगळ्या ओरखड्यांचे फोटो काढायला लावले, मग आत नेलं. ‘लोक हिला घर म्हणतात,’ ती म्हणाली, ‘पण घरात पाणी कुठून येतं आणि कुठे जातं हे कोणी विचारत नाही. इथे दोन्ही तुम्हीच बघायचं.’ पुढचा तासभर ती याच एका वाक्याचा विस्तार करत होती.

स्वच्छ पाण्याची टाकी शंभर लिटरची. दोन माणसांनी काटकसरीने वापरलं तर दोन दिवस पुरते. भांडी आणि अंघोळीचं सांडपाणी गाडीच्या पोटाखालच्या दुसऱ्या टाकीत साठतं. ती ठरवून दिलेल्या जाळीवर गाडी उभी करूनच रिकामी करायची. रस्त्याकडेच्या गटारात सोडलं तर दंड. शौचालयाची तिसरी टाकी निराळी. तिला कॅसेट म्हणतात. साधारण वीस लिटरचा, चाकं लावलेला प्लास्टिकचा डबा असतो तो. गाडीच्या बाहेरच्या बाजूला एक छोटं दार असतं, ते उघडून डबा ओढून काढायचा, प्रवासी सुटकेससारखा दांडा वर घ्यायचा आणि नेमून दिलेल्या जागी नेऊन रिता करायचा, धुवायचा, त्यात थोडं पाणी आणि वास घालवणारं रसायन घालून परत बसवायचा. डब्याच्या बगलेत एक बारीक बटण असतं. ओतताना ते अंगठ्याने दाबून धरलं नाही तर आत हवा जात नाही आणि गचके देत उडतं. हा भाग तिने दोन वेळा करून दाखवला, आणि आम्हीही टिपणं काढल्यासारखा मन लावून पाहिला.

विजेचं गणित त्याहून मजेदार. दिवे, पंप आणि फोन चार्ज करायच्या जागा १२ व्होल्टच्या वेगळ्या बॅटरीवर चालतात. ही बॅटरी गाडी धावताना आणि टपावरच्या सौरपट्टीवर भरते. भिंतीतले नेहमीचे २३० व्होल्टचे सॉकेट मात्र कॅम्पिंगच्या खांबाला केबल जोडली तरच जिवंत होतात. त्यातही कित्येक खांबांवर फक्त सहा अँपिअर मिळतात, म्हणजे १,३८० वॉट. दोन हजार वॉटची किटली लावली की खटका पडलाच. फ्रीज तीन पद्धतींनी चालतो: गाडी चालू असताना १२ व्होल्टवर, मुक्कामी खांबाच्या विजेवर आणि दोन्ही नसेल तेव्हा गॅसवर. हा फ्रीज गाडी बरीच तिरकी उभी असली की नीट थंड होत नाही, म्हणून चाकांखाली घालायच्या दोन पिवळ्या पाचरी सोबत दिलेल्या होत्या.

गॅसची टाकी ११ किलोची, प्रोपेनची. शेगडीच्या गॅसमध्ये ब्यूटेन जास्त असेल तर शून्य अंशाजवळ त्याची वाफ व्हायची थांबते. प्रोपेनला उणे चाळिसापर्यंत अडचण नाही, म्हणून थंड देशांत तोच वापरतात. खरी गोची निराळीच आहे. युरोपात नाणं एक झालं, सीमा पुसट झाल्या, पण गॅसच्या टाकीचं तोंड अजून प्रत्येक देशाचं वेगळं! जर्मन टाकी फ्रान्समध्ये बदलून मिळत नाही. लांबच्या प्रवासाला जोडण्यांचा संच बरोबर ठेवावा लागतो. आम्हाला एक पूर्ण भरलेली टाकी मिळाली; बेताने स्वयंपाक केला तर ती सगळ्या फेऱ्याला पुरेल असं त्या मुलीचं मत पडलं. मराठी घरात दिवसातून किती वेळा चहा होतो, ते तिला ठाऊक नव्हतं.

हा सगळा संसार चार चाकांवर बसवायची हौस जर्मनीत जुनी आहे. दक्षिणेकडच्या इस्नी गावात चाबूक आणि स्कीच्या काठ्या बनवणारं डेथलेफ्स घराणं होतं. त्यातल्या आरिस्ट डेथलेफ्सला विक्रीसाठी सतत बाहेरगावी राहावं लागे. त्याची चित्रकार पत्नी फ्रिडेल हिला त्याच्यासोबत जायचं होतं, आणि चित्रं काढायला जागाही हवी होती. १९३१ मध्ये त्याने मोटारीच्या मागे ओढायचं एक छोटं घर बांधलं, आणि पुढे कारखाना तोच धंदा करू लागला. दुसऱ्या महायुद्धानंतर बेन पॉन या डच व्यापाऱ्याने २३ एप्रिल १९४७ रोजी वहीत एका डब्यासारख्या गाडीचं रेखाटन केलं. त्यातून १९५० मध्ये फोक्सवॅगनची प्रसिद्ध बस आली. वर्षभरातच वेस्टफालिया कंपनीने त्या बसमध्ये बसवता-काढता येणारी कपाटं आणि बिछान्याची पेटी विकायला काढली. आठवडाभर दुकानाचा माल वाहायचा आणि शनिवारी पेटी चढवून बायकापोरांसह निघायचं, अशी ती दुहेरी सोय होती. आजच्या गाड्यांतला टेबल खाली दाबून त्याचा पलंग करायचा प्रकार त्याच काटकसरीतून आला आहे.

शनिवार असल्यामुळे गाडी हातात आल्याबरोबर पहिलं काम बाजाराचं. जर्मनीत रविवारी किराण्याची दुकानं बंद असतात. आपण समजतो तशी निम्मीशिम्मी नव्हे, खरोखर बंद. मोठ्या रेल्वेस्थानकांतली आणि पेट्रोल पंपांवरची तेवढी अपवाद. फ्रँकफर्टच्या मुख्य रेल्वेस्थानकाजवळच्या गल्ल्यांत भारतीय वाणसामान मिळतं. तूरडाळ, पोहे, हिंग, मोहरी अशी खरेदी आम्ही आदल्या संध्याकाळीच करून ठेवली होती. दूध, अंडी, भाज्या, पाव आता रस्त्यावरच्या सुपरमार्केटातून. पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीवर २५ सेंट अनामत असते, ती बाटली परत करायच्या यंत्रात घातली की पावती मिळते. व्हॅनमध्ये कचऱ्याला जागा अशी नसतेच, त्यामुळे ही पद्धत पहिल्या दिवसापासून आवडायला लागते. किराणा भरायचाही एक क्रम आहे. जड वस्तू खाली आणि चाकांच्या मधोमध, हलक्या वर. प्रत्येक कपाटाची कळ दाबून पाहायची, कारण पहिल्याच वळणावर उघडं राहिलेलं दार स्वतःची ओळख करून देतं.

मग चालवायला सुरुवात. स्टिअरिंग डावीकडे, गिअरचा दांडा उजव्या हाताला थेट डॅशबोर्डातून बाहेर आलेला, आणि गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने. भारतात बऱ्याच मोटारींत इंडिकेटरची दांडी उजवीकडे असते, इथे ती डावीकडे. त्यामुळे भारतातून आलेला प्रत्येक चालक पहिल्या चौकात इंडिकेटरऐवजी वायपर लावतो. कोरड्या, लख्ख उन्हात काच पुसत वळणारी गाडी दिसली तर आतला माणूस आपल्याकडचा आहे असं खुशाल समजावं. आरशांचं भान मात्र गंभीरपणे ठेवावं लागतं. गाडीच्या अंगाची रुंदी दोन मीटरहून थोडी जास्त, आरसे धरले तर आणखी. गल्लीत शिरताना आरसा हीच गाडीची खरी कड धरायची. ज्या चौकात खूण नाही तिथे उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हा जर्मनीतला मूळ नियम. शहराबाहेरच्या शांत वस्त्यांत तो पदोपदी लागू पडतो, आणि उजवीकडचा माणूस तुमच्याकडे न बघताच निघतो, कारण नियम त्याच्या बाजूने आहे.

आउटोबानवर वेगमर्यादा नसते, ही अर्धी गोष्ट आहे. बऱ्याच पट्ट्यांवर मर्यादा असते, आणि जिथे नसते तिथे १९७८ पासून ताशी १३० किलोमीटर हा वेग सुचवलेला आहे. आम्ही नव्वदवर खूश होतो. त्यापुढे गेलं की डोक्यावरच्या कपाटातल्या बश्या गप्पा मारू लागत. वीसबादनच्या अलीकडे ए-६६ वर वाहतूक तुंबली आणि तिथे एक गोष्ट अगदी जवळून पाहायला मिळाली. गाड्यांचा वेग माणसाच्या चालीवर आला तसे डाव्या रांगेतले सगळे आणखी डावीकडे सरकले आणि बाकीचे उजवीकडे. मधोमध एक अखंड मोकळी वाट तयार झाली. रुग्णवाहिकेचा आवाज कुठेच नव्हता. कायद्याने ही वाट वाहतूक रेंगाळू लागताक्षणी करायची असते, भोंगा ऐकू आल्यावर नव्हे, कारण तेव्हा सरकायला जागाच उरलेली नसते. आम्हीही पुढच्याचं पाहून साडेतीन टन अंग चोरून घेतलं. पाचेक मिनिटांनी पोलिसांची गाडी त्या वाटेने सुळकन निघून गेली.

वीसबादननंतर महामार्ग संपून बी-४२ हा नदीकाठचा रस्ता सुरू होतो. इथे ऱ्हाइन थोडी विचित्र वागते. उत्तरेकडे निघालेली ही नदी टाउनुस डोंगराला अडून तीसेक किलोमीटर पश्चिमेला वाहते. त्यामुळे तिच्या उजव्या तीरावरचे सगळे उतार दक्षिणेकडे तोंड करून दिवसभर ऊन खातात. हाच राइनगाउ, रीसलिंग द्राक्षांचा मुलूख. नाशिकचे मांडवावर चढवलेले सपाट द्राक्षमळे ज्याच्या डोळ्यांत बसले आहेत, त्याला इथल्या वेली डोंगरावर शिडी लावून उभ्या केल्यासारख्या वाटतात. पुढे घळीत तर उतार इतके खडे होतात, की काही मळ्यांत माल वरखाली न्यायला एका रुळावर चालणारी छोटी गाडी बसवलेली असते.

र्‍यूडेसहाइमला वरच्या टेकडीवर जर्मनियाचा पुतळा दिसतो. १८७१ च्या जर्मन एकीकरणाचं हे स्मारक १८८३ मध्ये उघडलं. गाव पर्यटकांनी फुललेलं होतं, पण व्हॅन लावायला जागा शोधण्यात पाऊण तास घालवण्यापेक्षा आम्ही थेट फेरीच्या रांगेत लागलो. माइन्त्स-वीसबादनपासून कोब्लेन्त्सपर्यंत सुमारे ऐंशी किलोमीटरांत ऱ्हाइनवर एकही पूल नाही. र्‍यूडेसहाइमजवळ रेल्वेचा एक पूल होता, तो १९४५ मध्ये उद्ध्वस्त झाला आणि पुन्हा बांधला गेला नाही. नवा पूल बांधावा की नाही यावर वर्षानुवर्षं चर्चा चालू आहे. तोवर दोन्ही काठांचा संसार मोटारी वाहणाऱ्या फेऱ्यांवर चालतो. चढण्यापूर्वी गॅसची झडप बंद करायची. नवरा खाली उतरून मागचं दार उघडून ती बंद करून आला, आणि आमच्या मागे उभ्या असलेल्या जर्मन कॅम्परवाल्या आजोबांनी समाधानाने मान हलवली. पहिल्या दिवशी मिळालेलं ते पहिलं प्रमाणपत्र.

दहा मिनिटांत पैलतीरी बिंगेनला उतरलो. इथे नदी काटकोनात वळून उत्तरेकडे घळीत शिरते. बेटावरचा पिवळसर मनोरा म्हणजे उंदरांचा मनोरा. दुष्काळात गरिबांना जाळून मारणाऱ्या आर्चबिशपला इथे उंदरांनी फस्त केलं अशी दंतकथा आहे. प्रत्यक्षात १९७४ पर्यंत या मनोऱ्यावरून जहाजांना इशारे दिले जात, कारण इथलं पात्र खडकाळ आणि अरुंद होतं. पात्र रुंद केल्यावर त्याचं काम संपलं.

बिंगेन-र्‍यूडेसहाइमपासून कोब्लेन्त्सपर्यंतचा ६५ किलोमीटरचा हा पट्टा २००२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. चाळीसेक किल्ले आणि गढ्या यात येतात. डाव्या काठाला रेल्वे, तिला लागून बी-९ रस्ता, मग नदी, पलीकडे पुन्हा रस्ता आणि पुन्हा रेल्वे. घळ अरुंद असल्याने सगळे एकमेकांना खेटून धावतात. गावात शिरायचं तर बऱ्याच ठिकाणी रेल्वेखालच्या बोगद्यातून जावं लागतं, आणि तिथे काचेखालची चिठ्ठी कामाला येते. बाखाराखच्या अलीकडे उंचीचा लाल गोल फलक दिसला की मी मोठ्याने आकडा वाचायचा आणि नवऱ्याने मोठ्याने ‘दोन पासष्ट’ म्हणायचं, अशी पद्धत आम्ही पाडली. पुढे ती सवयच झाली. काठावर ठरावीक अंतराने मोठे पांढरे फलक आहेत, त्यांवर कोन्स्टान्त्सच्या पुलापासून नदीचं किलोमीटरमधलं अंतर लिहिलेलं असतं. हे जहाजांसाठी असलं तरी आपल्यालाही छान उपयोगी पडतं.

काउब गावासमोर नदीच्या ऐन मध्यात एका खडकावर फाल्झग्राफेनश्टाइन हा किल्ला आहे. १३२७ च्या सुमारास जकात गोळा करण्यासाठी तो बांधायला घेतला. जहाज आलं की जकात भरायची, मगच पुढे. ही वसुली १८६० च्या दशकापर्यंत चालली. १८१३ ची शेवटची रात्र आणि १८१४ चा पहिला दिवस या संधीवर प्रशियाचा सेनापती ब्ल्यूखर नेपोलियनच्या पाठलागावर निघाला, तो तराफ्यांचा पूल टाकून इथूनच नदी ओलांडून गेला. आज काउबचं नाव बातम्यांत येतं ते पाण्याच्या पातळीमुळे. इथलं मोजमाप पाहून जहाजांवर किती माल भरायचा ते ठरतं. ऑक्टोबर २०१८ मध्ये ही पातळी २५ सेंटिमीटरवर आली होती. हा आकडा म्हणजे नदीची पूर्ण खोली नव्हे, मोजपट्टीवरचं वाचन असतं. पण तेवढ्याने जर्मनीतल्या कारखान्यांचा कोळसा आणि रसायनं अडून पडली.

ओबरवेझेल मागे पडलं आणि समोर लोरेलायचा कडा आला. नदीपासून १३२ मीटर उंच. कड्यावर बसून गाणारी आणि नावाड्यांना भुलवून खडकावर आपटायला लावणारी सुंदरी पुराणकाळातली वाटते, पण ती तशी तरुणच आहे. क्लेमेन्स ब्रेन्टानोने तिला १८०१ मध्ये कवितेत आणलं, आणि हाइनेच्या १८२४ च्या कवितेने ती जगभर पोचली. नावाड्यांना बुडवणारं कारण मात्र खरं आहे. पात्र इथे चिंचोळं होऊन २५ मीटरपर्यंत खोल जातं, प्रवाह जोरात आणि वळणं अशी की समोरून येणारं जहाज दिसत नाही. प्रवाहाबरोबर खाली येणारं जहाज पटकन थांबू शकत नाही, म्हणून वर जाणाऱ्याला आधी कळलं पाहिजे. पूर्वी काठावर माणसं निशाणं घेऊन उभी राहत. आता दिव्यांच्या पट्ट्यांचे संकेत आहेत आणि त्यांचं नियंत्रण ओबरवेझेलच्या केंद्रातून होतं. एवढं करूनही जानेवारी २०११ मध्ये गंधकाम्लाने भरलेलं एक टँकर जहाज इथेच उलटलं आणि दोघांचा जीव गेला. आम्ही रस्त्याकडेच्या थांब्यावर उभे असताना एक लांबलचक मालजहाज वळणावर तिरकं होत आलं. पात्र त्यानेच निम्मं भरून गेलं. समोरचा दिवा बदलला, खालच्या बाजूचं जहाज जागीच रेंगाळलं, आणि हे पुढे निघून गेल्यावरच ते हललं.

सांक्ट गोआरचा कॅम्पिंगचा तळ लोरेलायच्या बरोबर समोर, नदी आणि रस्ता यांच्या मधल्या पट्ट्यात आहे. नोंदणीला पासपोर्ट दाखवला, नकाशावर जागा ठरली. दोन माणसं, गाडी आणि वीज मिळून तीसेक युरो. नियमांचा कागद हातात आला: रात्री दहानंतर शांतता, गाडी हळू चालवा, सांडपाणी फक्त जाळीवर, कॅसेट फक्त मागच्या खोलीत, भांडी फक्त भांडी घासायच्या मोरीवर. मग गाडी सरळ उभी करायचा सोहळा झाला. नदीच्या बाजूला उतार होता, म्हणून पुढच्या एका चाकाखाली पाचर. ओट्यावर अर्धा पेला पाणी ठेवून ते सपाट होईपर्यंत मी ‘अजून, अजून, बस’ करत होते. शेजारच्या हॉलंडच्या आजी खुर्ची वळवून ते बघत बसल्या होत्या. केबल जोडताना त्या उठून आल्या आणि गुंडाळीवरची उरलेली सगळी केबल त्यांनी आम्हाला जमिनीवर सोडायला लावली. गुंडाळीत राहिलेल्या केबलमधून जास्त वीज गेली की ती तापते आणि वेटोळं वितळू शकतं. गाडीखाली केबलचा ढीग दिसायला ओंगळ, पण बरोबर तोच.

रात्रीच्या जेवणाला मुगाची खिचडी. दोन बर्नरच्या शेगडीवर एक पातेलं ठेवलं की दुसरं कडेला लोंबतं, त्यामुळे पापड नंतर. फोडणी देताना छतावरची खिडकी उघडी ठेवावी लागते. एक तर वासासाठी, दुसरं म्हणजे एवढ्याशा जागेत जळणाऱ्या गॅसला ताजी हवा लागते म्हणून. भांडी घासायला तळावरच्या मोरीवर गेले तर तिथे चार देशांच्या बायकापुरुषांच्या गप्पा चाललेल्या. कुठे मुक्काम चांगला, कुठे चोऱ्या होतात, कुठला घाट व्हॅनला जड जातो, ही माहिती पुस्तकांपेक्षा इथे ताजी मिळते.

तिथेच माझा एक मोठा गैरसमज दूर झाला. कॅम्परव्हॅन म्हणजे वाटेल तिथे थांबायचं स्वातंत्र्य, असं जाहिरातींत दिसतं. प्रत्यक्षात प्रत्येक देशाचा कायदा निराळा. जर्मनीत थकलेल्या चालकाने गाडीत एक रात्र झोप काढायला हरकत नाही. पण बाहेर खुर्च्या मांडल्या, मंडप लावला की ते कॅम्पिंग झालं. क्रोएशियात तळाबाहेर मुक्काम केला तर दंड होतो. स्वीडनमध्ये निसर्गात मुक्त वावरण्याचा हक्क मोठा, पण तो पायी चालणाऱ्याचा आणि तंबूवाल्याचा. मोटार रानात घालायचा नव्हे. याला उतारा म्हणून जर्मनीतल्या गावांनी श्टेलप्लाट्स आणि फ्रान्समधल्या गावांनी एर नावाच्या जागा केल्या आहेत. पार्किंगची आखलेली पट्टी, पाण्याचा नळ, सांडपाण्याची जाळी, कधी विजेचा खांब, बस्स. गावाला गिऱ्हाईक मिळतं आणि प्रवाशाला थोडक्यात रात्र. महाराष्ट्र सरकारनेही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. गाड्या मिळतीलच, हे पर्यटन तगवणारी खरी गोष्ट म्हणजे प्रत्येक गावातली ती जाळी आणि तो नळ. ज्याला आम्ही मोकळेपणा समजत होतो, तो गावोगावच्या नगरपालिकांनी आधी खणून ठेवलेल्या गटारांवर उभा आहे, हे त्या मोरीवर नीट कळलं.

तळाबद्दल एक तक्रार करायला जागा आहे, ती म्हणजे रेल्वे. दोन्ही काठांवर रूळ, आणि उजव्या काठावरून रोटरडॅम ते जेनोआ या मार्गावरच्या मालगाड्या रात्रभर धावतात. डिसेंबर २०२० पासून जर्मनीत खडखडाट करणाऱ्या जुन्या ब्रेकच्या मालडब्यांना बंदी आहे, त्यामुळे आवाज पूर्वीपेक्षा कमी झाला म्हणतात. घळीत तो दोन्ही कड्यांवर आपटून येतो, तेव्हा कानात घालायचे बोळे हाताशी ठेवावेत. हलकी झोप असणाऱ्याने मोझेलच्या काठचा मुक्काम निवडावा. कोब्लेन्त्सहून एका तासात तिथली शांत गावं लागतात.

झोपण्यापूर्वी दारावरच्या छोट्या पडद्यावर दिवसाचा हिशेब पाहिला. स्वच्छ पाणी पाऊण, सांडपाणी पाव, बॅटरी पूर्ण. दुसऱ्या दिवशीचा बेत त्यावरून ठरला. रविवारी जर्मनीत साडेसात टनांवरच्या ट्रकना रात्री दहापर्यंत बंदी असते, त्यामुळे मोठं अंतर काटायला तोच दिवस चांगला. कोब्लेन्त्सपर्यंत बी-९, तिथून मोझेलच्या काठाने ट्रियर. डिझेल मात्र तिथे भरायचं नाही. सीमेपलीकडे लक्झेंबर्गला ते स्वस्त मिळतं, म्हणून टाकी तोवर ताणायची. पाणी सकाळी निघताना भरायचं नाही, अर्ध्या टाकीवरच निघायचं, कारण ट्रियरला पुन्हा मिळणार आणि पन्नास किलो उगाच डोंगर चढवण्यात अर्थ नाही.

एकच मुद्दा लोंबत राहिला. कॅसेट कोणी रिकामी करायची? चर्चेअंती नियम ठरला, की त्या दिवशी जो गाडी चालवेल त्याला कॅसेट माफ. दिवसभर ‘तू चालव, मला नदी बघू दे’ म्हणणारा माझा नवरा दुसऱ्या दिवशी सहा वाजताच चालकाच्या खुर्चीत पट्टा बांधून बसला होता. किल्ली मात्र मी रात्रीच उशीखाली घेतली होती.